तलाव पत्र्याआड करू नका : बागेच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या तलावकाठच्या बागेची व्यवस्था पाहणारे अधिकारी,
तसेच या भागाचे लोकप्रतिनिधी,
नागपूर.

विषय : बागेची तलावाकडची पट्टी तोडून तिथे तिकीट लावण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय,

आमच्या वस्तीच्या टोकाला, घरांची शेवटची रांग आणि तलाव यांच्या मधोमध, जेमतेम पाऊण एकराची एक बाग आहे. त्या बागेची तलावाकडची पट्टी दिवाळीनंतर आपण उंच पत्रे ठोकून बंद केली. पत्र्यांमागे फळ्यांचा डेक, खाद्यपदार्थांचे गाळे आणि रोषणाईची कमान उभी राहणार असून काम संपल्यावर त्या भागात तिकीट काढूनच जाता येईल, असे आम्हाला तिथल्या मजुरांकडून आणि मुकादमाकडून कळले. आपल्याकडून काहीही कळलेले नाही. हे पत्र उघड लिहिण्याचे कारण इतकेच, की याच विषयावर वस्तीतून दिलेल्या अर्जांवर आवक क्रमांकाच्या शिक्क्यापलीकडे अद्याप काही उमटलेले नाही.

तलावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि नागपुरात ज्या ज्या तलावाच्या काठाला अशी एखादी लहान बाग लागून आहे, तिथल्या रहिवाशांनी हे पत्र आपले समजून वाचले तरी माझी हरकत नाही.

यात माझा स्वार्थ काय, तेही आधीच सांगते. माझे सासरे ऐंशीच्या घरात आहेत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू कमजोर झाली आणि बोलणे अडखळू लागले. त्यांच्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, की समोर दिसेल त्या वस्तूचे नाव त्यांच्याकडून वदवून घ्या. घरातल्या वस्तू त्याच त्या असतात. पंखा, कपाट आणि कूलर यांचा त्यांना चार दिवसांत कंटाळा आला. मग वॉकरच्या आधाराने आम्ही तलावाकाठच्या बाकापर्यंत जाऊ लागलो आणि समोर जे येईल त्याची नावे घेऊ लागलो : टिबुकली, ढोकरी, पाणकावळा, हिवाळ्यात वारकरी, आणि नशीब असेल त्या दिवशी हळदीकुंकू बदकांची जोडी. ‘हळदीकुंकू’ हा शब्द ज्या सकाळी त्यांच्या तोंडून सलग बाहेर पडला, त्या सकाळी शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईंनीही टाळ्या वाजवल्या होत्या. तो बाक आता पत्र्यांच्या पलीकडे गेला आहे आणि अलीकडून आम्हाला दिसतो तो पत्रा. ‘पत्रा’ हा शब्द ते आता उत्तम म्हणतात.

एका वृद्धाच्या सोयीसाठी शहराने आपल्या योजना बदलाव्यात, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच काठावर पहाटे फिरायला येणारे निवृत्त लोक, रात्रपाळी संपवून घरी जाण्याआधी घटकाभर टेकणारे सुरक्षारक्षक, दहावी-बारावीची पुस्तके घेऊन बसणारी आणि घरात स्वतंत्र खोली नसलेली मुले, आणि ज्यांना घरात निवांत बोलता येत नाही अशी नवविवाहित जोडपी, या सगळ्यांची ती जागा होती. माझे सासरे त्यांतले एक. म्हणून आमच्या तक्रारी मी येथे क्रमाने मांडते.

पहिली आणि मुख्य तक्रार तिकिटाची आहे. आमच्या लेआउटच्या मंजूर नकाशात ही जागा खुली जागा म्हणून दाखवलेली आहे. नागपुरात ज्यांनी लेआउटमध्ये प्लॉट घेतला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, की अशी जागा कोणी दान दिलेली नसते. रस्ते आणि खुली जागा सोडून उरलेल्या जमिनीचे भूखंड पडतात, आणि सोडलेल्या जागेची किंमत भूखंडाच्या दरातूनच वसूल होते. म्हणजे या बागेचे पैसे आमच्या आधीच्या पिढीने हप्त्याहप्त्याने भरलेले आहेत. केंद्र सरकारच्या 2014 सालच्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर खुली जागा असावी. पाऊण एकर म्हणजे सुमारे तीन हजार चौरस मीटर. या हिशेबाने आमची अख्खी बाग फक्त तीनशे माणसांना पुरेल, आणि तेवढी माणसे आमच्या दोन गल्ल्यांतच भरतात. त्यातलाच एक तुकडा, आणि तोही ज्याच्यासाठी लोक बागेत येतात तोच, आपण वेगळा काढत आहात.

तिकीट दहा रुपये असेल की तीस, हे अजून ठरलेले नाही म्हणतात. ते कितीही असले तरी दृश्य जसे आहे तसेच राहणार आहे, पाणी तेच, पक्षी तेच, मावळतीही तीच. ते पाहण्याची जागा मात्र ज्याच्या खिशात सुटे पैसे आहेत त्याच्यासाठी राखीव होईल. चार माणसांचे कुटुंब आठवड्यातून एकदा म्हणून कदाचित तिकीट काढील. रोज संध्याकाळी वीस मिनिटे येऊन बसणारी, चार घरची धुणीभांडी करून दमलेली बाई ते काढणार नाही. ती तक्रारही करणार नाही, येणे थांबवील, आणि आपल्या नोंदवहीत तिचे न येणे कुठेही दिसणार नाही.

आम्हा नागपूरकरांना समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरहून दूर आहे. मुंबईत माझी नणंद राहते. तिच्याकडे गेल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा उपनगरातल्या एखाद्या लहान समुद्रकाठच्या बागेत आम्ही तासन्‌तास बसतो, आणि समुद्र बघायचे पैसे तिथे कोणी मागत नाही. दादर चौपाटीवर चैत्यभूमीशेजारी 2022 मध्ये पावसाळी पाणी समुद्रात सोडणाऱ्या पातमुखावर माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाने जो डेक बांधला गेला, तोही लोकांना मोफत खुला आहे. तेव्हा डेक या गोष्टीलाच आमचा विरोध आहे, असा समज आपण करून घेऊ नये. जिथे जमीन मिळणे सर्वांत महाग आहे त्या शहराला जे परवडते, ते आपल्या शहराला का परवडू नये, एवढेच विचारायचे आहे.

बागेच्या जागेचा दुसरा वापर हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत याआधीच गेलेला आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा 1991 मध्ये न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले. रुग्णालय हीसुद्धा लोकांच्या गरजेचीच गोष्ट होती, हे इथे लक्षात घ्यावे. लखनौच्या अमीनाबादमधील झंडेवाला पार्कखाली भूमिगत बाजार बांधला जात होता. 1999 मध्ये न्यायालयाने तो पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. आमच्या बागेत गाळे जमिनीवर येणार आहेत की जमिनीखाली, यामुळे तत्त्वात फरक पडत नाही.

दुसरी तक्रार पाण्याची आहे, आणि ती केवळ आमच्या सोयीची नसून सुरक्षिततेची आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे या शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरले. कोणाचा सोफा तरंगला, कोणाची गाडी वाहून गेली आणि काहींचे प्राण गेले. त्यानंतर सांडव्याच्या वाटेतल्या आणि नदीपात्रातल्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला आणि आजवर न पाहिलेल्या नकाशांवर चर्चा झाली. आमचा तलाव अंबाझरीपुढे लहान आहे. पण उतार आणि पाणी यांचे नाते लहान तलावातही बदलत नाही.

आमच्या बागेचा तलावाकडचा भाग सखल आहे. भाद्रपदात मोठा पाऊस झाला की तिथे घोटाभर पाणी चढते, दोन दिवस राहते आणि जमिनीत जिरते किंवा तलावात परत उतरते. त्या दिवसांत बाकांपर्यंत जाता येत नाही, मुले चिखलात पाय बुडवून घरी येतात आणि आयांचे बोल खातात. एवढाच काय तो त्रास. ते पाणी आमच्या गल्लीत येत नाही, कारण बाग ते पोटात घेते. आता त्याच सखल भागात काँक्रीटची भिंत उभी राहत आहे आणि मागच्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवले जात आहेत. तलावाचे पाणी भिंतीने अडेल, असे मुकादम सांगतो. गल्लीतून बागेमार्गे तलावाकडे उतरणारे पाणी त्याच भिंतीला अडून मागे फिरले तर ते कोणाच्या उंबऱ्याला लागेल, हे त्याला विचारणे योग्य नाही. ते त्याचे काम नाही. ते आपल्याला विचारले पाहिजे. जलनिस्सारणाचा अभ्यास करून ही भिंत आखली असेल, तर तो अभ्यास आम्हाला दाखवा. केला नसेल, तर पावसाळ्याआधी काम थांबवा.

तिसरी तक्रार बागेच्या वेळांची आहे आणि ती पत्र्यांपेक्षा जुनी आहे. आमची बाग सकाळी दहाला बंद होते आणि सायंकाळी पाचला उघडते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सात तास म्हणजे काय, हे नागपुरात बसून ज्यांनी हे वेळापत्रक ठरवले त्यांना माहीत नसेल असे म्हणवत नाही. 23 मे 2013 रोजी या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतपात डांबर मऊ पडते, दुचाकीची सीट हाताला चटका देते आणि दुपारी रस्त्यावर फक्त तीच माणसे उरतात ज्यांना घरी बसणे परवडत नाही. ज्या काळात सावलीची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्या काळात शहरातली सर्वांत दाट सावली आपण कुलपाआड ठेवता.

गेल्या मे महिन्यात दुपारी औषध आणायला बाहेर पडले असता मी जे पाहिले, ते लिहिते. बागेच्या कुंपणाबाहेर पदपथावर कडुनिंबाची एक फांदी येते. तिची सावली जेमतेम एका चादरीएवढी पडते. त्या सावलीत सकाळची कामे आटोपून संध्याकाळच्या कामांची वाट पाहणाऱ्या तीन बाया पाय आखडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एका ई-रिक्षावाल्याने ओला गमछा डोक्यावर टाकला होता आणि घरपोच जेवण पोचवणारा एक मुलगा आपली चौकोनी पिशवी सावलीत सरकवून स्वतः उन्हात उभा होता. कुंपणाच्या आत, हाताच्या अंतरावर, चिंचेखालचे बाक रिकामे होते. मी चौकीदाराला विचारले. तो भला माणूस आहे. म्हणाला, “मॅडम, आमच्या हाती काय आहे? वरून ऑर्डर आली तं गेट लावाच लागते.” त्याचे उत्तर बरोबर होते, म्हणून प्रश्न वर पाठवत आहे.

उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा अहमदाबादने 2013 मध्ये देशात सर्वप्रथम केला आणि नागपूरही 2016 पासून त्या वाटेने गेले. सार्वजनिक उद्याने दुपारी खुली ठेवावीत, ही अशा आराखड्यांतली नेहमीची आणि सर्वांत कमी खर्चाची शिफारस आहे. तिच्यासाठी निविदा काढावी लागत नाही, फक्त कुलूप काढावे लागते. दुपारी बागेत नको ते प्रकार चालतात, दारुडे झोपतात, जोडपी बसतात, अशी कारणे आम्हाला तोंडी सांगितली गेली. दारूबंदीसाठी कायदा आहे आणि पोलीस चौकी जवळ आहे. राहिली जोडपी, ती बसली तर बसू द्यावीत, असे माझे मत आहे, आणि वस्तीतल्या सर्वांचे ते नाही, हेही मला माहीत आहे. पण यांपैकी एकही कारण तीन बायांना उन्हात बसवण्यास पुरेसे नाही, यावर मात्र आमच्यात दुमत नाही.

चौथी तक्रार फाटकाची. बागेत दुचाक्या शिरू नयेत म्हणून आपण लोखंडी पाइपांचे नागमोडी फाटक बसवले. हेतू चांगला होता. परिणाम असा, की सडपातळ मुले दुचाकी तिरपी करून आजही आत नेतात, आणि वॉकर घेतलेला माणूस अडकतो. सासऱ्यांना आत नेताना मी वॉकर पाइपांवरून उचलून पलीकडे ठेवते; तेवढा वेळ ते पाइपाला धरून एका पायावर भार देऊन उभे असतात. चाकाच्या खुर्चीला तर तिथून वाटच नाही. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते. तिचे वडील तिला फाटकाबाहेर थांबवून धाकट्या भावाला झोपाळ्यावर सोडून येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला, त्यात सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधन आहे. फाटकाशेजारी कुलपाचे रुंद दार आहे, पण त्याची किल्ली कंत्राटदाराकडे असते आणि ते फक्त सिमेंटच्या गोण्या आत नेण्यासाठी उघडते.

पाचवी तक्रार झाडांची आहे. बागेत कडुनिंब, करंज, बहावा आहेत आणि लेआउट पडण्याच्या कितीतरी आधीची एक थोराड चिंच आहे. नव्या कामात पेव्हर ब्लॉक त्यांच्या बुंध्यांना भिडवून बसवले आहेत. चिंचेच्या मुळाशी तर सिमेंटचा ओटा केला असून तिच्या खोडाला दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकले आहेत. झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिला होता. तो आदेश दिल्लीचा असला तरी मुळांची तहान दिल्लीत आणि नागपुरात वेगळी नसते. आपल्या राज्यात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. आमच्या चिंचेची नोंद त्या यादीत झाली आहे का, हे आम्हाला सांगावे. उन्हाळ्यात ज्या झाडाखाली बसण्याची आम्ही मागणी करत आहोत, ते झाडच पाच-सात वर्षांत वाळले तर या पत्रातला तिसरा मुद्दा आपोआप निकाली निघेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. महिलांच्या प्रसाधनगृहाला कुलूप असते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तोटी नाही, तिथे चिंधी बांधलेली आहे. दोन झोपाळ्यांपैकी एकाची साखळी तुटली आहे आणि घसरगुंडीचा पत्रा टोकाला फाटला आहे. त्याने एका मुलाची मांडी कापली गेली, टाके पडले. ग्रीन जिमची यंत्रे मात्र नवी आणि जास्तीची आहेत, आणि ती वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे लहान मुलांच्या एकमेव जागेत रोवली आहेत.

या सगळ्यापेक्षा खुद्द तलावाची अवस्था अधिक बोलकी आहे. गोंड राजांनी आणि त्यांच्यानंतर भोसल्यांनी या शहरात तलाव राखले ते पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी. आज ज्याला आपण गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला. फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव ही भोसल्यांच्या काळाशी जोडलेली नावे. आमच्या तलावात पूर्वेकडच्या नाल्यातून वस्त्यांचे सांडपाणी थेट येते. पावसाळा संपला की जलपर्णी काठापासून पसरत जाते आणि एप्रिलमध्ये वारा आमच्या बाजूने वाहू लागला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तो नाला अडवून सांडपाणी मलवाहिनीला जोडावे, ही मागणी डेकच्या कल्पनेपेक्षा जुनी आहे. तिला निधी नाही, असे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. रोषणाईच्या कमानीला मात्र तो मिळाला. पाण्याला वास येत असताना त्याच्याकडे पाहण्याचे तिकीट कोण काढील, हा प्रश्न निदान कंत्राटदाराने तरी आपल्याला विचारायला हवा होता.

बाग राखायला पैसा लागतो, याची जाणीव आम्हाला आहे. माळी, चौकीदार, वीज, पाणी, सगळ्याला खर्च आहे, आणि उत्पन्नाचा मार्ग शोधणाऱ्या अधिकाऱ्याला मी खलनायक समजत नाही. पण मार्ग दुसरेही आहेत. फाटकाबाहेर सकाळी तर्री-पोह्याची गाडी लागते, संध्याकाळी गुपचूप, भुट्टे आणि उसाचा रस असतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना परवाने आणि जागा आखून द्या, रास्त शुल्क घ्या. त्यांचाही रोजचा ससेमिरा थांबेल आणि आत नवे गाळे बांधायची गरज राहणार नाही. वस्तीतल्या काही लोकांनी झाडांना पाणी घालण्याची आणि झोपाळ्यांच्या डागडुजीची जबाबदारी घेण्याची तयारी लेखी कळवली आहे. तो कागदही आपल्याच कार्यालयात आवक होऊन पडला आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत. तलावाकडची पट्टी पुन्हा बागेला जोडावी, पत्रे काढावेत, आणि बागेच्या कोणत्याही भागात प्रवेशासाठी आज किंवा पुढे शुल्क आकारले जाणार नाही, असे लेखी जाहीर करावे. बांधलेला डेक मोडून टाका असे आमचे म्हणणे नाही. तो सर्वांसाठी खुला ठेवावा, खाद्यपदार्थांचे गाळे मात्र रद्द करावेत. भिंतीचे काम जलनिस्सारणाचा अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत थांबवावे, आणि पाणी अडत असेल तर बांधलेला भाग काढावा. माहितीचा अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती आपणहून प्रसिद्ध करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तेव्हा या कामाचा मंजूर नकाशा, खर्च, मुदत आणि कंत्राटातील अटी फाटकाजवळच्या फलकावर मराठीत लावाव्यात. एक मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंत बाग दिवसभर खुली ठेवावी आणि पाण्याच्या टाकीला तोटी बसवावी. फाटकाचे रुंद दार बागेच्या वेळेत उघडे राहावे. झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत फोडून माती मोकळी करावी, खिळे उपटावेत. प्रसाधनगृह उघडावे, वाळूचा खड्डा मुलांना परत द्यावा. नाल्याच्या सांडपाण्याबाबत काय करणार आणि केव्हा, याचे तारखेसह उत्तर द्यावे. तिथे आमची घाई नाही, पण बेतारखेचे आश्वासन आम्ही उत्तर म्हणून मोजणार नाही.

यांपैकी कुलूप, तोटी, फाटक आणि खिळे या चार कामांना फारसा खर्च नाही आणि आठवड्याभराहून जास्त वेळही लागू नये. होळी तोंडावर आली आहे, ऊन वाढू लागले आहे, म्हणून निदान ती तरी मोठ्या मुद्द्यांच्या निर्णयाची वाट न पाहता करावीत. भिंतीचा निर्णय मृग लागण्यापूर्वी झाला पाहिजे, याचे कारण वर दिलेच आहे. पत्राची प्रत वस्तीतल्या रहिवाशांच्या सह्यांसह आपल्या कार्यालयात देत आहोत. सह्या करणाऱ्यांत आमच्या भागातले सर्व पक्षांचे लोक आहेत, तेव्हा यात कोणाचे राजकारण शोधण्यात वेळ घालवू नये.

या विषयावर आपल्यासोबत बैठक व्हावी, ही विनंती. ती कार्यालयात न घेता बागेतच घ्यावी, म्हणजे पत्रे, भिंत, फाटक आणि चिंच एकदमच पाहता येतील. वेळ सकाळी दहानंतरची कोणतीही चालेल. कुलपाची किल्ली मात्र आपल्याला सोबत आणावी लागेल.

आपली,
तलावकाठच्या वस्तीतील एक रहिवासी,
नागपूर